डायरेक्टरीणबाईंची पिवळी पानं

एरफुर्ट, रविवार, १२ ऑक्टोबर

म्यूलिगबाई,

तीन रात्री झाल्या, माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. कारण ऐकाल तर म्हणाल, पोरगी खुळी झाली. फ्रीडा झोपते, म्हणून मी जागी.

आठ महिन्यांची पोर. मागच्या महिन्यापर्यंत रात्रीतून चारदा उठायची आणि अशी किंचाळायची की तुम्हालासुद्धा भिंतीपलीकडून ऐकू यायचं, म्हणजे बघा. आता संध्याकाळी सहाला डोळे मिटते ती सकाळी आठलाच उघडते. मधे हूं नाही की चूं नाही. मी उठते, तिच्या नाकाखाली बोट धरते, श्वास जाणवला की आडवी होते, आणि परत उठते. बाटलीतलं दूध अर्धं टाकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंडी सुरू झाली की बाळं झोपतात. तुम्हीपण झोपून घ्या, नशीबवान आहात." असेन बाई. नशिबाची मला सवय नाही, म्हणून भीती वाटत असेल.

बरं, आता झाडांचं. ते तरी माझ्या हातातलं आहे.

जी कोणी हे बाईंना वाचून दाखवतेय तिला आधी सांगते, दचकू नका. ही गांजाची झाडं आहेत, पण कायद्यातली. घरातल्या मोठ्या माणसाला तीन चालतात, आणि तीनच आहेत. म्यूलिगबाईंच्या बोटांचे सांधे हिवाळ्यात सुजतात, त्या त्याचा लेप करतात. खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या तुमच्या क्लिनिकात आल्या आणि इकडे मालकानं त्यांच्या घराला नव्या खिडक्या बसवायला घेतल्या. कारागीर येणार-जाणार, म्हणून कुंड्या माझ्याकडे, समोरच्या दारात. मोठ्यानं वाचा, डावा कान जरा बरा आहे. फोनवर त्यांना काहीच कळत नाही म्हणून हा पत्राचा खटाटोप. शाळेत मला निबंधात कधी पास केलं नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

बाई, कुंड्या मी स्वैपाकघराला लागून अडगळीची खोली आहे तिथं ठेवल्यात. कुलूप लावते, किल्ली गळ्यात. कुणी येऊन म्हणायला नको की पोर असलेल्या घरात झाडं उघडी ठेवते. तुमचा दिवा टांगला, तुमचा पंखा आणि वास शोषणारी कोळशाची गाळणी झरोक्यात बसवली. पंखा हवा ओढतो, बाहेर टाकतो, झकास. तरी खालच्या मजल्यावरचे कुप्फर आजोबा जिन्यात नाक धरून उभे. म्हणाले, "योलीना, तू बोका पाळलायस का? चिडका बोका?" म्हणून मी घराच्या दाराखालची फट चिकटपट्टीनं बुजवली. स्वैपाकघराच्या दाराला खाली ती जाळी आहे ना, तीपण बुजवली. आमच्याकडच्या खिडक्या तर उन्हाळ्यातच नव्या झाल्यात, कडांना रबर असलेल्या, माशी आत येणार नाही. आता मुंगीलासुद्धा कळणार नाही आत काय आहे. काम चोख झालंय, आल्यावर बघा.

आता आजार. गीझेला आणि रेनाटे ठीक, थोड्या मलूल. डायरेक्टरीणबाईंची खालची पानं पिवळी पडलीत. (वाचणाऱ्या बाई, ही झाडांची नावं आहेत. बाईंनी नर्सरीतल्या जुन्या मैत्रिणींची ठेवलीत. तिसरी मैत्रीण नव्हती.) तुम्ही शिकवलंत, आधी बघायचं पिवळं कुठून सुरू झालं. खालून असेल तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतंय. फुलं धरायच्या दिवसात तेवढं चालायचंच, आईपण तेच करते. पण मला शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं दिसलं, म्हणून मी मॅग्नेशियम ठरवलं. आपल्या नळाला चुना किती, किटलीत खरवडून काढावा लागतो. चुना जास्त झाला की मुळं मॅग्नेशियम उचलत नाहीत. कडू मीठ, म्हणजे मॅग्नेशियमचंच, चमचाभर, पाच लिटर पाण्यात, दिलं. आठवड्यात सुधारेल. लिहून ठेवा.

हां, आणि एन्रिकोनं सफरचंदांची पेटी ठेवली. दारात. बेल न वाजवता. भाऊ असून चोरासारखा येतो आणि जातो. वडिलांच्या बागेतल्या झाडाची आहेत. अडगळीच्या खोलीत ठेवलीत, तिथं गार असतं. त्यांचा केक करीन.

तुमची
योलीना

एरफुर्ट, शुक्रवार, १७ ऑक्टोबर

म्यूलिगबाई,

तुमचं कार्ड आलं. अक्षर कुणाचं आहे? मोत्यासारखं आहे. पण शब्द तुमचेच, लगेच ओळखले. "गाढवे, सफरचंदं काढ. सफरचंद आणि फुलझाड एका खोलीत ठेवत नाहीत, हे आमच्या नर्सरीत शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी सांगायचे. पिकलेल्या सफरचंदातून वायू सुटतो, पानं म्हातारी होतात, देठं लोंबतात. कार्नेशन तर एका रात्रीत मिटतं."

काढली. पेटी तळघरात नेऊन ठेवली आणि जिन्यात एन्रिकोला दोन शिव्या दिल्या. म्हटलं, काही देतोस तेही नासकं देतोस.

मीठ देऊन पाच दिवस झाले. डायरेक्टरीणबाई सुधारल्या नाहीत. उलट आता तिघींचीही देठं खाली वाकलीत. पानं वाळलेली नाहीत बरं का, भरलेली आहेत, चांगली जाड आहेत, पण देठच असे उतरलेत की बाईमाणूस बाजारातून दोन पिशव्या घेऊन आल्यासारखं दिसतं. माती बोटभर खाली ओली. आपलं ठरलेलंय, कुंडी उचलून बघायची, हलकी झाली तरच पाणी. कुंडी जडच आहे. म्हणून पाणी थांबवलं. सफरचंदांमुळे असेल तर आठवड्यात उठतील.

आता एक सांगते, रागावू नका. धुराडेवाला आला होता काल. आठवडाभर आधी दारावर चिठ्ठी होती, गुरुवारी आठ ते दहा, घर तापवणारा गॅसचा बंब आणि त्याचं धुराडं तपासणार. आपल्या गल्लीचा धुराडेवाला कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठीवर सहीच एन्रिकोची. मी दार उघडलं नाही.

एक तर झाडं. ती कायद्यातली आहेत हे मला कळतं, पण एन्रिकोला सगळ्यात खोट काढायची सवय. तो म्हणेल, लहान पोर आणि गांजा एका घरात, मग बालकल्याणाच्या कचेरीत बोलेल, मग कोणीतरी बाई फाइल घेऊन येईल आणि फ्रीडाला खालीवर बघेल. दुसरं म्हणजे तो एन्रिको आहे.

मी फ्रीडाला घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिले. त्यानं तीनदा ठोकलं. ते लोक ठोकतात ना, काठीच्या मुठीनं, अख्खा जिना हादरतो. "धुराडेवाला!" मग थोडं थांबून, हळू आवाजात, "योली, मला माहितेय तू आत आहेस. बाबागाडी खाली आहे." मग म्हणाला, "दाराखाली काय चिकटवलंयस? काढ ते. ऐकतेयस का? काढ." बघा म्हणजे! दारही उघडलं नाही तर खोट काढली. खालून कुप्फर आजोबांचा आवाज, "पोरगी झोपली असेल, तिचं बाळ झोपू देत नाही तिला." एन्रिको म्हणाला, "झोपू देत नाही? मला तर आतून काहीच ऐकू येत नाही." आणि गेला. पत्रपेटीत दुसरी चिठ्ठी टाकून गेला, दुसऱ्या तारखेची.

हे सांगायचं कारण, एवढं ठोकलं तरी फ्रीडा जागी झाली नाही. माझ्या खांद्यावर होती. मान लुळी. तेव्हापासून मला बरं वाटत नाहीये. तसंही डोकं दुखतं माझं, गोळी घेऊन घेऊन कंटाळा आला. बाहेर फिरायला गेलं की बरं असतं. घरात बसून बसून होत असणार.

चोवीस तारीख, तुमच्या यजमानांचा दिवस, माझ्या लक्षात आहे. हेल्मुटकाकांच्या फोटोपुढं पाच कार्नेशन, लाल, आणीन. तुमच्या घराची किल्ली आहेच.

योलीना

एरफुर्ट, बुधवार, २२ ऑक्टोबर

म्यूलिगबाई,

सफरचंदं नाहीत. निर्दोष सुटली. तळघरात जाऊन मी त्यांची माफी मागितली असती, पण तिथं गारठा फार.

मी काय केलं ऐका. तुम्ही म्हणायचात ना, तिन्ही कुंड्यांना एकच औषध देऊन काही कळत नाही, सगळ्या मेल्या की कळतं. म्हणून गीझेलाला मॅग्नेशियम चालू ठेवलं. रेनाटेला काही म्हणजे काहीच नाही, साधं पाणी, तेही मागच्या आठवड्यातल्या पावसाचं, गच्चीवर बादली ठेवून धरलेलं. म्हणजे चुना आडवा येत असेल तर तिच्यात फरक दिसेल. आणि डायरेक्टरीणबाईंना खताचा अर्धा डोस. पानांच्या कडा जळल्या तर खत जास्त झालं. वरची कोवळी पानं फिकट झाली तर लोह. खालचं पान सगळंच्या सगळं पिवळं पडलं तर नत्र. तीन कुंड्या, तीन वाटा. तुम्ही केलं असतंत तसंच.

आणि तिघी सारख्याच आजारी! एका दिवशी, एका चालीनं. देठं खाली, पानं पिवळी, हात लावला की गळतात. फुलांचे पांढरे केस आत्ताच तपकिरी व्हायला लागलेत, त्यांना अजून तीन आठवडे आहेत. खताचा दोष असता तर खत न दिलेली रेनाटे वाचली असती. पाण्याचा असता तरी तीच वाचली असती. मुळांचा असता तर एक आधी गेली असती, एक नंतर. माझा हिशेब चुकत नाहीये बाई. हा खताचा आजार नाहीच.

आणि आता जे सांगते त्यानं तुम्हीही खुर्चीत सरळ बसाल. शनिवार-रविवार मी फ्रीडाला घेऊन वायमारला मैत्रिणीकडे होते. जाताना गॅसचा बंब बंद केला, उगाच दोन दिवस रिकामं घर कशाला गरम करायचं. पंखा आणि दिवा घड्याळावर चालू. रविवारी संध्याकाळी येऊन खोली उघडते तर तिघींची देठं वर! पोरी वर्गात हात वर करतात तशी. मी नाचले. बंब लावला, फ्रीडाला झोपवलं. मंगळवारी बघते तर परत लोंबलेल्या. एवढंच काय, स्वैपाकघरातल्या खिडकीवरची अजमोदा, तिला तर मी खत कधी दाखवलंही नाही, तीसुद्धा पिवळी.

वायमारला फ्रीडानं माझी लाज काढली. दोन्ही रात्री चार-चारदा उठून रडली. मैत्रीण म्हणाली, "तू तर म्हणालीस ही झोपते." मी म्हटलं परकं घर, झोप येत नसेल. दूध मात्र सगळं संपवलं. घरी आल्यावर परत तशीच. काल दुपारी तीनला झोपली आणि सहाला मी हलवून उठवली तर डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले, जणू मी कोण ते तिला आठवत नाही. मी तिच्या तळपायाला चिमटा काढला. रडली. मग मीपण रडले.

तुम्ही विचारलंय एन्रिकोचं आणि माझं काय झालं. तुम्हाला मी सांगितलं होतं, डॅनीवरून, फ्रीडाच्या बापावरून, भांडण झालं. ते खोटं. डॅनी तर आधीच पळाला होता ब्रेमरहाफेनला, त्याच्यावरून कोण भांडणार. फ्रीडा जन्मली त्या दिवशी एन्रिको कामावरून थेट वॉर्डात आला. डोक्यावर टोपी, सोन्याच्या रंगाची बटणं, अंगभर काजळी. सगळ्या नर्सा त्याचं बटण धरायला धावल्या, धुराडेवाल्याचं बटण शकुनाचं म्हणून. तो पाळण्यापाशी आला, बोट आपल्या बाहीवर घासलं आणि फ्रीडाच्या नाकावर ठिपका लावला, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. धुराडेवाल्यांच्यात नव्या बाळाला काजळी लावतात, आमचे वडीलही लावायचे. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "घाणेरडे हात काढ माझ्या पोरीवरून! चालता हो!" चोवीस तास मी कळा सोसल्या होत्या, मला कशाचंच भान नव्हतं. पण ओरडले मीच. त्यानं ठिपका पुसला. रुमाल थुंकीनं ओला करून, अगदी हळू. टोपी काढली आणि गेला. तेव्हापासून फक्त सफरचंदं.

झाडांचं सांगा. खत नाही, पाणी नाही, सफरचंद नाही. मी बरोबर मार्गावर आहे, फक्त शेवटचं दार सापडत नाहीये.

योलीना

एरफुर्ट, लहान मुलांचा वॉर्ड, मंगळवार, २८ ऑक्टोबर

म्यूलिगबाई,

आधी हे. फ्रीडा बरी आहे. आत्ता शेजारी बसून नर्सच्या हातातला चमचा फेकतेय आणि ओरडतेय. कालपासून कोणी झोपलेलं नाही या खोलीत. देवा, काय गोड ओरडते.

आता सगळं सांगते, सावकाश.

गुरुवारी मी पाच कार्नेशन आणली. दुसऱ्या दिवशी हेल्मुटकाकांचा दिवस, म्हणून आदल्या संध्याकाळीच. तुमच्याकडे फुलदाणी एकच सापडली, बारक्या तोंडाची, तिच्यात तीन बसली. उरलेली दोन मी माझ्याकडे स्वैपाकघरात पेल्यात ठेवली, म्हटलं सकाळी दुसरी फुलदाणी शोधीन. शुक्रवारी सकाळी उठले तर डोकं असं जड की भिंत धरून चालले. फ्रीडा झोपलेलीच. चहा ठेवायला गेले आणि पेल्याकडे लक्ष गेलं.

दोन्ही मिटलेली. पाकळ्या आत ओढून घेतलेल्या, मुठीसारख्या. देठ ताठ, पाणी भरलेलं.

मी तशीच अनवाणी तुमच्या घरात गेले. तिथली तिन्ही टपोरी, उघडी, हसणारी.

बाई, मी काकांच्या फोटोपुढं उभी राहिले आणि तुम्ही शिकवलंत तसं मोठ्यानं म्हणत गेले. एकाच जुडीतली. एकाच नळाचं पाणी. खत कुणालाच नाही. माती नाही, मुळंही नाहीत. सफरचंदं तळघरात. मग दोन घरांत फरक कशाचा? हवेचा. तुमच्या घरात बंब बंद, माझ्या घरात चालू. वायमारला गेले तेव्हा बंब बंद, झाडं उठली. बंब लावला, झोपली. आणि फ्रीडाही. वायमारला रडली. घरी झोपली.

तुम्ही किती वेळा सांगितलंय ती गोष्ट, मी दर वेळी मान डोलावली आणि ऐकली नाही. महिलादिनाच्या आधीचा आठवडा, तिसरं काचघर, चार हजार कार्नेशन एका रात्रीत मिटली, आणि सगळे खत कुणी जास्त टाकलं म्हणून भांडत होते. तुम्ही एकट्या भट्टीच्या खोलीकडे पळालात आणि भट्टीवाला दारात आडवा सापडला. फुलांना आधी कळतं, असं तुम्ही म्हणायचात. फुलांना कळलं, अजमोदेला कळलं, गीझेला-रेनाटेला दोन आठवडे आधी कळलं, आणि मी त्यांना मीठ पाजत बसले.

मी परत धावले. बंबाचा खटका बंद केला, खिडकी सताड उघडली, फ्रीडाला दुलईसकट उचललं आणि जिना उतरले. फोन वरच राहिला. कुप्फर आजोबांचं दार लाथेनं वाजवलं, हात मोकळे नव्हते.

"काय गं, बोका सुटला का?"

"आजोबा, फायर ब्रिगेड लावा. माझ्या घरातली हवा खराब आहे. पोर उठत नाहीये."

त्यांनी एका हातानं फोन लावला, दुसऱ्या हातानं बाल्कनीचं दार उघडलं आणि स्वतःचा कोट फ्रीडावर टाकला. नव्वदीला आलेला माणूस. पायजम्यावर माझ्याबरोबर गारठ्यात उभा राहिला आणि फ्रीडाच्या कानात लष्करातली गाणी म्हणत राहिला. गाडी वळणावर दिसली तेव्हा तिनं डोळे उघडले. आजोबा म्हणाले, "माझा आवाज ऐकून मेलेलाही उठतो, बायको म्हणायची."

फायर ब्रिगेडवाल्यांच्या खांद्याला एक डबी असते, हवा मोजणारी. खिडकी उघडून पंधरा मिनिटं झाली होती, तरी वर जाताना ती जिन्यातच ओरडायला लागली. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. आणि त्याच धुरात सफरचंदातला तो वायूपण असतो, त्यानं फुलं मिटली. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबानं मला सगळं समजावलं. बंबाला आग जळायला घरातली हवा लागते. ती दाराखालच्या फटीतून, त्या जाळीतून यायची. जुन्या खिडक्यांतूनही थोडी. खिडक्या नव्या झाल्या, फटी मी बुजवल्या, आणि वर पंखा लावला हवा बाहेर ओढणारा. त्या पंख्यानं धुराड्यातला धूरच उलटा घरात ओढला. त्यानं चिकटपट्टी धरून विचारलं, "हे कुणी लावलं?"

मी म्हटलं, "मी. चोख लावलंय."

त्यानं ती गुंडाळून माझ्या हातात ठेवली. तेच जास्त लागलं.

मग अडगळीची खोली उघडली. त्यातला एक तरुण आत डोकावला, मोजलं, "एक, दोन, तीन. बरोबर." मग पान उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "माझ्याकडे पण अशीच पिवळी पडतात. मॅग्नेशियम द्या."

म्यूलिगबाई, त्या अवस्थेतही मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅग्नेशियम नाही हो. मॅग्नेशियमला देठ लोंबत नाही. तुमच्या घरातला बंब बघून घ्या."

त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

इथं आम्हाला दोघींना तोंडावर प्राणवायू लावला. फ्रीडाचं रक्त तपासलं, डोकं तपासलं, परत तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, डाग राहणार नाही. अजून एक हिवाळी आठवडा गेला असता तर, आणि त्यांनी फ्रीडाची दुलई सारखी केली. फाइलवाली बाई आली होती. ज्या बाईला मी इतकी घाबरत होते, ती आली, बसली, आणि विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी कार्नेशनचं सांगितलं, तीन कुंड्या तीन वाटा सांगितल्या, किल्ली गळ्यातली दाखवली. तिनं सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं की तिच्या बाल्कनीतल्या लिंबाची कोवळी पानं पांढरी का पडतात. लोह, म्हटलं. नळाचं पाणी देऊ नका, पावसाचं द्या.

झाडं कुप्फर आजोबांकडे आहेत. ते म्हणतात वास सहन करतो, पण गीझेलाशी मी बोलणार नाही. देठं वर आलीत. पिवळी झाली ती पानं परत हिरवी होणार नाहीत, पण वरचा शेंडा चांगला आहे. तुमच्या बोटांपुरतं निघेल.

काल तुमचं कार्ड आजोबांनी आणून दिलं, "बंब बंद कर, आत्ता" एवढंच मोठ्या अक्षरात. आणि शनिवारी माझ्या फोनवर तीनदा तुमच्या क्लिनिकातून फोन येऊन गेला म्हणे, फोन वर वाजत पडला होता. म्हणजे माझं पत्र वाचताच तुम्हालाही कळलं. फक्त तुमच्या एक दिवस आधी मला कळलं. हे मी फुशारकीनं सांगतेय, सांगू द्या.

आता तुम्ही, जी कोणी हे वाचून दाखवतेय. मोत्यासारख्या अक्षराच्या बाई. तो फोन तीनदा तुम्हीच लावलात ना? ओळख ना पाळख, एका अनोळखी पोरीसाठी तीनदा. मग अजून एक लावा. बाईंना झोप लागली की लावा.

माझ्या भावाला. एन्रिको. नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. मी काल वॉर्डातल्या फोनवरून लावला होता. त्यानं उचलला, "बोला" म्हणाला, मागं कुठल्यातरी गच्चीवरचा वारा ऐकू आला, आणि मीच ठेवून दिला. माझ्या बंबाला लाल पट्टी लावलीय, धुराडेवाल्याची सही झाल्याशिवाय पेटवायचा नाही. म्हणजे गुरुवारी तो येणारच आहे. कागद घेऊन येईल, सही करील, टोपी घालील आणि जाईल. तसं नको.

त्याला सांगा, फट मी बुजवली होती. तो दारातून बोलला ते प्रत्येक अक्षर मला ऐकू आलं होतं, मी आत उभी होते. सांगा, सफरचंदांचा काही दोष नव्हता. आणि सांगा की गुरुवारी माझं घर शेवटचं ठेव. दिवसभराची सगळी धुराडी आधी करून घे, मग ये. आम्ही दोघी तोवर घरी आलेल्या असू.

आणि म्हणावं, येताना हात धुऊ नकोस.